तीन ते साडेपाचची मुलं

शाळेत त्यांना सगळे क्लबबाई म्हणत. शिपाई म्हणे, पालक म्हणत, पहिलीतली चिमुरडीसुद्धा म्हणत. खरं नाव हजेरीच्या वहीत सही करण्यापुरतं उरलं होतं, आणि घाईत तेही अर्धंच उमटायचं. ही पदवी त्यांनी काही मागून घेतलेली नव्हती. वीस वर्षांपूर्वी शिक्षकांच्या बैठकीत प्रश्न निघाला की शाळा सुटल्यानंतरचे क्लब कोण बघणार, आणि सगळ्यांनी एकदम आपापल्या वहीत डोकं घातलं. या नेमक्या तेव्हाच खिडकीबाहेर बघत होत्या. मान वर असलेली एकच बाई दिसली, तिच्या गळ्यात लोढणं अडकलं, आणि अडकलं ते आजतागायत.

क्लब म्हणजे काय, तर शाळा तीनला सुटे आणि तीन ते साडेपाच बुद्धिबळ, नाटक, चित्रकला, बाग असे आठ-नऊ उद्योग चालत. प्रत्येकाला एक तरी स्वयंसेवक लागे. कुणाची तरी आई, कुणाचे तरी आजोबा. स्वयंसेवकांचं म्हणाल तर नव्याचे नऊ दिवस. पहिल्या आठवड्यात सगळे वेळेआधी दारात हजर. दुसऱ्या महिन्यात कुणाची पाठ धरलेली, कुणाकडे पाहुणे. बुद्धिबळवाले आजोबा तेवढे खरे. ऊन म्हणत नसत, पाऊस म्हणत नसत, पण मुलांकडून हरले की दोन दिवस रुसून घरी बसत. मग त्यांची समजूत कुणी घालायची? क्लबबाईंनी. बागेची कुदळ हरवली, शोधा, क्लबबाई. नाटकातला राजा मिशी टोचते म्हणून रडायला लागला, या, क्लबबाई. आणि एवढं सगळं तिसरीच्या वर्गाला दिवसभर शिकवून झाल्यावर.

या सगळ्यांत एक क्लब असा होता की त्याला ना स्वयंसेवक, ना सामान, ना कुणी मागणारा. ज्या मुलांना तीनला न्यायला कुणी येत नाही, आणि ज्यांच्या घरचं कुणी क्लबात नाव घालायलाही येत नाही, ती मुलं तिथे बसत. कधी पाच, कधी नऊ. पूर्वी कागदावर त्यांच्यापुढे 'थांबणारी मुलं' असं लिहिलेलं असे आणि बाकीची पोरं त्यांना सरळ 'उरलेली' म्हणत. जिभेला काय हाड असतं? अकरा वर्षांपूर्वी त्यातला एकजण बाईंना म्हणाला, "बाई, मी घरी सांगतो की मी बुद्धिबळाला असतो." ते बाईंच्या फार मनाला लागलं. त्यांनी 'थांबणारी मुलं' खोडलं आणि वर लिहिलं, 'मदतनीस मंडळ'.

नुसतं नाव देऊन थांबल्या असत्या तर पुढचं काही झालंच नसतं. पण त्यांनी क्लबांच्या पत्रकात खाली दोन ओळी घातल्या: जबाबदारी, नेतृत्व आणि शाळेच्या कारभारात सहभाग, निवडक विद्यार्थ्यांसाठी. खोटं होतं का? तसं खोटं नव्हतं. मुलं पेन्सिलींना टोक करत, खुर्च्या रचत, हरवलेल्या वस्तूंच्या पेटीतले मोजे जोडीला जोड लावून ठेवत. हा शाळेचा कारभारच होता. आणि निवड तर झालेलीच होती. ती परिस्थितीने केली होती, एवढंच.

यंदा मंडळात सहा मुलं होती. त्यांत एक थोरली आणि तिचा धाकटा भाऊ. थोरली चौथीत, धाकटा पहिलीत. त्यांची आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी धुवायची, पाचला सुटायची आणि तिथून पंचवीस मिनिटं चालत यायची. थोरली गेली तीन वर्षं मंडळात होती आणि खरं सांगायचं तर अर्धं मंडळ तीच चालवायची. खुर्च्या पाचाच्या वर रचायच्या नाहीत, हा नियम तिचा.

आता बाईंचं घर. गेल्या हिवाळ्यात यजमानांना झटका आला. माणूस वायरमन, उभा जन्म खांबावर चढलेला. एका सकाळी चहाचा कप हातातून सुटला आणि उजवी बाजूच गेली. तोंड किंचित वाकडं झालं. बोलणं परत आलं, पण एकेक शब्द सुटा सुटा. दिवसभर एक मावशी त्यांच्यापाशी बसत, पण मावशींना तीनला दुसरं घर गाठायचं असे. तीनपासून सहापर्यंत ते एकटे. एकदा चारच्या सुमाराला ते न्हाणीघराच्या दारात पडले आणि बाई येईपर्यंत दोन तास फरशीवर तसेच पडून राहिले. शेजारी भिंतीपलीकडे होते, पण हाक मारायची तर हाक निघेना. त्या दिवशी बाईंनी मनाशी ठरवलं, निवृत्तीला एक वर्ष उरलंय, ते कसंही जावो, पण यंदा तीनला घरी म्हणजे घरी. तसा अर्जही त्यांनी केला आणि तो मंजूरही झाला.

राहता राहिला प्रश्न सहा मुलांचा. तीन ते साडेपाच त्यांच्यापाशी कोण बसणार? बाईंनी विज्ञानाच्या सरांना विचारलं, त्यांना शिकवण्या होत्या. ग्रंथालयातल्या बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, "मला पोरांच्या आवाजाने डोकं चढतं," आणि ते खरं होतं. शिपायाला विचारलं, तर तो म्हणाला, "बाई, मी घंटा देऊ की पोरं सांभाळू?" सगळीकडून नन्नाचा पाढा. शाळेचा नियम कडक होता: जे मूल क्लबात नाही, त्याला साडेतीनपर्यंत घरच्यांनी न्यायचं. नाही नेलं तर ऑफिसमधून फोन. असे तीन फोन झाले की घरी पत्र जायचं, आपल्या पाल्याची सोय दुसऱ्या शाळेत बघावी. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. पाचला सुटणाऱ्या बाईने साडेतीनला यायचं कसं, हे त्या नियमात कुठेच लिहिलेलं नव्हतं.

शाळेच्या मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, दोन वर्षांपूर्वीच आलेल्या. बाई वाईट नव्हती. उत्साही होती, आणि उत्साही माणसाचा ताप वाईट माणसापेक्षा जास्त. त्यांनी यंदा क्लबांचं पत्रक गुळगुळीत कागदावर रंगीत छापून घेतलं आणि पहिल्याच पानावर टाकलं मदतनीस मंडळ. "इतकी सुंदर कल्पना, बाई, आणि तुम्ही शेवटच्या पानावर लपवून ठेवली होतीत," त्या म्हणाल्या. क्लबबाई नुसत्या हसल्या. दमलेल्या होत्या. शिवाय मनात आलं, न जाणो, हे वाचून एखादा स्वयंसेवक मिळाला तर बरंच की.

वर्षाच्या सुरुवातीला एका शनिवारी क्लबांचा दिवस असे. सभागृहात टेबलं मांडायची, प्रत्येक टेबलावर चोवीस रेघांचा एक कागद. पालकांनी स्वतः येऊन मुलाचं नाव लिहायचं, शेजारी सही करायची. चोवीस झाले की कागद बंद. मदतनीस मंडळाच्या टेबलाकडे आजवर कुणी फिरकलं नव्हतं. दुपारी सगळं आवरल्यावर बाई त्या कोऱ्या कागदावर आपल्या हाताने मुलांची नावं लिहीत आणि सहीच्या जागी आपलीच सही ठोकत. सगळ्यांत शेवटी लिहीत, कारण घाई कसली? ती जागा हवी होती कुणाला?

या शनिवारी दार उघडलं आणि निम्मी गर्दी त्याच टेबलाशी. वडील मंडळी एकमेकांना कोपरं मारत होती. एक आई पेन शोधेपर्यंत दुसरीने तीन नावं लिहिली, एक आपल्या मुलाचं आणि दोन भावाच्या मुलांची. वीस मिनिटांत चोवीस रेघा भरल्या. वर पालक समितीच्या अध्यक्षा, पेशाने दातांच्या डॉक्टरीणबाई, आणखी दोघींना घेऊन पुढे आल्या आणि म्हणाल्या, "बाई, आम्ही तिघी रोज आळीपाळीने येणार. तुम्ही आता काही बघायचं नाही."

एका क्लबाला तीन स्वयंसेवक. वीस वर्षांत असं झालं नव्हतं. क्लबबाईंना वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला. त्या चक्क खुर्चीत बसल्या. कुणीतरी चहा आणून दिला आणि तो गरम असतानाच प्यायल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्ही दमलेल्या दिसता. जा घरी, टेबलं आम्ही उचलतो." आणि बाई गेल्या. रस्त्याने त्यांना आपलं पाऊल हलकं वाटत होतं. सोमवारपासून तीनला घरी, हे एकच डोक्यात घोळत होतं.

संध्याकाळी त्या यजमानांची नखं कापत होत्या. डावा हात झाला, उजवा घेतला. उजव्या हाताची बोटं एकेक उलगडून धरावी लागत. अंगठा, मग एक, दोन, तीन, आणि तिथेच कात्री थांबली. मुलांची नावं. सहाच्या सहा नावं लिहायची राहिली होती. मुलं मंडळात आहेत म्हणून मंडळ होतं, आणि मंडळ भरलं ते मुलांशिवाय.

"काय... झालं?" यजमानांनी विचारलं.

"काही नाही," बाई म्हणाल्या आणि उरलेलं नख कापलं.

रविवार कसा गेला ते त्यांचं त्यांना माहीत. सोमवारी सकाळी घंटेच्या आधी त्या मोठ्या बाईंच्या खोलीत उभ्या होत्या. मोठ्या बाईंनी ऐकून घेतलं, कागद काढला, चोवीस नावं दोनदा मोजली.

"भरलंय हो, बाई. एका खोलीत चोवीसच्या वर बसवता येत नाहीत, ते तुम्हाला माहीत आहे. बाकीचे क्लब?"

"तेही भरलेत. यंदा पत्रक छान झालं ना."

"मग नवा क्लब काढा."

"त्याला आठ मुलं लागतात. माझ्याकडे सहा आहेत. आणि स्वयंसेवक नाही."

"या चोवीसांपैकी कुणाला काढू मी? त्यांच्या पालकांनी रांगेत उभं राहून सह्या केल्यात. तुमच्या सहा जणांचे पालक आले होते का शनिवारी?"

"नाही आले. कधीच येत नाहीत. शनिवारी कामावर असतात. नावं मीच लिहायची असतात."

"मग लिहिली का नाहीत?" मोठ्या बाईंनी हे खरंच न कळून विचारलं.

काय सांगणार? तीन स्वयंसेवक बघून मला इतकं बरं वाटलं की मुलं विसरले, असं सांगणार? वीस वर्षं कुणीतरी 'तुम्ही जा घरी' म्हणेल याची वाट बघितली, आणि कुणी म्हणाल्याबरोबर मागे न बघता निघाले, असं? शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, "मी थांबते त्यांच्यापाशी. माझा अर्ज परत द्या."

"तुमच्या यजमानांचं काय मग?" मोठ्या बाई हळू आवाजात म्हणाल्या. "बाई, थोडे दिवस बाकावर बसू दे मुलांना. पुढच्या सत्रात बघू काहीतरी."

ऑफिससमोर एक लांब बाक होता. तीनला सहाही मुलं त्यावर येऊन बसली. समोरच मंडळाची खोली. दार उघडं होतं. डॉक्टरीणबाईंनी चोवीस मुलांना छातीवर लावायला बिल्ले आणले होते आणि त्या नेतृत्व म्हणजे काय ते समजावत होत्या. मग प्रत्यक्ष काम सुरू झालं. पेन्सिली होत्या चाळीस. चोवीस मुलांनी त्या पाच मिनिटांत टोकदार केल्या आणि मग करायला काही नाही म्हणून त्या पुन्हा टोकदार केल्या, इतक्या की हातात धरायला पेन्सिल उरेना. नंतर खुर्च्या रचणं सुरू झालं.

"सात-सात रचतायत," थोरली बाकावरून म्हणाली. "पडणार."

पडल्या. धाकट्याला फार हसू आलं. थोरली हसली नाही.

"बाई, आम्ही बाहेर का?" तिने विचारलं.

आता इथे बाईंनी सांगायला हवं होतं. सांगता आलंही असतं. पोरगी शहाणी होती. पण सहा जणांची तोंडं समोर, दाराआड डॉक्टरीणबाई, आणि अंगात त्राण नाही. बाई म्हणाल्या, "बघू गं. एक-दोन दिवसांचा प्रश्न आहे."

त्या दिवशी त्या साडेपाचपर्यंत बाकावर मुलांबरोबर बसल्या, त्यामुळे ऑफिसमधून फोन काही झाले नाहीत. घरी पोचल्या तेव्हा यजमान पलंगाच्या कडेला बसलेले होते. पाण्याचा पेला पडून फुटला होता. डाव्या हाताने त्यांनी काचा गोळा करायचा प्रयत्न केला होता आणि एक बोट कापून घेतलं होतं. ते रागावले नाहीत. "लवकर... येणार... होतीस," एवढंच म्हणाले. बाईंनी बोटाला पट्टी बांधली, काचा झाडल्या, पाय धुतले आणि तशाच पाटावर बसून राहिल्या. उठून भात लावायचा होता, पण उठवेना.

मंगळवारी तीनला पुन्हा तो बाक. बाई पर्स खांद्याला लावून उभ्या. जावं की थांबावं ते कळेना. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हेच. थोरलीने त्यांच्याकडे बघितलं, मग त्यांच्या पर्सकडे.

"तुम्ही जा, बाई. मी आहे ना," ती म्हणाली. "मी बघते यांना."

नऊ वर्षांची पोर. आणि बाई गेल्या. लपवण्यात अर्थ नाही, गेल्या. फाटकापर्यंत गेल्या, थांबल्या, मागे बघितलं नाही आणि गेल्या.

सव्वातीनला घरी पोचल्या तेव्हा यजमानांना कोण आनंद झाला. मावशी नुकत्याच गेल्या होत्या. बाईंनी चहा केला, दोघं खिडकीशी बसली. यजमान एकेक शब्द जोडून काहीतरी सांगत होते, शेजारच्यांच्या नळाबद्दल. बाई हं हं करत होत्या आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या. पावणेचार. चार. आता ऑफिसमधून फोन गेले असतील. सव्वाचार. धाकट्याला या वेळेला भूक लागते, त्याच्यासाठी त्यांच्या खणात बिस्किटं असत. खणाची किल्ली पर्समध्येच राहिली होती.

"कुठे... आहेस... तू?" यजमानांनी विचारलं.

मग बाईंनी सगळं सांगितलं. शनिवार, कागद, सहा नावं, बाक, थोरली काय म्हणाली ते, सगळं. सांगता सांगता रडल्या. यजमान ऐकत होते. झटका आल्यापासून त्यांनी कुणाला घरात घेतलं नव्हतं. वाकडं तोंड लोकांनी बघावं हे त्यांना सोसत नसे. सख्खा भाऊ आला तर त्यालाही दारातूनच परत पाठवलं होतं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "आण... की... इकडे."

"कुणाला?"

"पोरांना. तू... घड्याळ... बघत... बसणार. त्यापेक्षा... आण."

"अहो, सहा आहेत."

"मोजता... येतं... मला," ते म्हणाले.

घर शाळेपासून बारा मिनिटांवर. पालकांनी चिठ्ठी दिली की मूल कुणाबरोबरही जाऊ शकतं, हाही शाळेचाच नियम. इतकं सोपं होतं. हे आपल्याला शनिवारीच का सुचलं नाही, असं बाईंच्या मनात आलं, आणि याचंही उत्तर त्यांना माहीत होतं. दमलेल्या माणसाला दोनच वाटा दिसतात, आणि दोन्ही बंद दिसतात.

बुधवारी सकाळी त्या बऱ्याच दिवसांनी जरा ताठ चालत शाळेत आल्या. फाटकाशी थोरलीची आई उभी होती. त्यांनी तिला याआधी संध्याकाळीच बघितलं होतं, मुलांची दप्तरं उचलून घाईने निघताना. सकाळच्या उजेडात तिचे हात दिसले. सोड्याच्या पाण्याने बोटं पांढरी पडून सुरकुतलेली.

"बाई, मला कामाला उशीर होतोय, पण एकच विचारते," ती म्हणाली. "थोरलीनं काय केलं?"

"काही नाही केलं. का हो, ताई?"

"मग मंडळातनं काढलं का तिला? काल चारला मला धुलाईखान्यात फोन आला, मुलं बाकावर बसलीत, घेऊन जा. मी म्हटलं, असं कसं, माझी मुलं मदतनीस मंडळात असतात. तर म्हणाले, यादीत नावच नाही. काम टाकून धावत आले मी. तीन वर्षं होती ना ती त्यात. निवडक मुलांत. ते पत्रक मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय. कामावर सगळ्यांना सांगून झालंय माझं, की माझ्या पोरीला बाईंनी स्वतः निवडलं. यंदा धाकटाही निवडला गेला म्हणून किती बरं वाटलं होतं. आता तिला परत घ्या असं नाही म्हणत मी. तुमच्याकडे हुशार मुलं पुष्कळ असतील. पण का काढलं तेवढं सांगा."

अकरा वर्षांपूर्वी मुलांना लाज वाटू नये म्हणून लिहिलेल्या दोन ओळी. त्या कुणी इतक्या खऱ्या मानल्या असतील हे त्यांच्या कधी ध्यानीमनी नव्हतं. आता काय सांगायचं? की निवडलेलं नव्हतंच कधी? ते त्यांनी सांगितलं नाही. पण जे आपलं होतं, ते सांगितलं.

"ताई, तिला काढलेलं नाही. तिचं नाव दर वर्षी मीच लिहिते, यंदा धाकट्याचंही लिहायचं होतं. पण मी विसरले."

"विसरलात?"

"हो. लिहायचंच विसरले. मग कागद भरून गेला. तिचं काही चुकलेलं नाही. माझं चुकलं."

"एवढंच?"

"एवढंच."

आई फाटकाच्या कट्ट्यावर बसली. तिने आपल्या हातांकडे बघितलं.

"मी काल तिला मारलं, बाई," ती म्हणाली. "मी विचारत होते, काय केलंस, का काढलं, आणि ती म्हणत होती, मला माहीत नाही. परत विचारलं, तरी माहीत नाही. मला वाटलं खोटं बोलतेय. खरं सांग म्हणून मारलं. दोनदा. मी हात उचलत नाही हो कधी."

बाई तिच्या शेजारी बसल्या. मुलं येत होती, दप्तरं त्यांच्या गुडघ्यांना घासून जात होती. घंटा झाली तरी दोघी उठल्या नाहीत. मग आईने डोळे पुसले, बाईंकडून कागद मागून घेतला आणि बाईंनी सांगितली तशी चिठ्ठी लिहिली, की माझ्या दोन्ही मुलांना तीननंतर बाईंबरोबर त्यांच्या घरी जाऊ द्यावे, मी तिथून घेऊन जाईन. अक्षर वळणदार होतं.

"तिला तुम्हीच सांगा आज," उठताना ती म्हणाली. "मला नाही जमायचं. मी समोर गेले की रडेन, आणि ती घाबरेल."

मधल्या सुट्टीत बाईंनी बाकीच्या चार घरी फोन केले. एका वडिलांनी तीनदा विचारलं की याची फी किती. चौघांचंही हो आलं. चिठ्ठ्या संध्याकाळी नेताना देतो म्हणाले. मोठ्या बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या, "आजच्या दिवस फोनवर चालवते, उद्या चिठ्ठ्या हव्यात. आणि जबाबदारी सगळी तुमची हं," म्हणाल्या आणि सही केली.

तीनला सात जणांची ती वरात निघाली. दोन-दोनची जोडी, शेवटी बाई, थोरली आणि मधे धाकटा. डॉक्टरीणबाईंना दवाखाना असल्यामुळे त्या दिवशी मंडळाच्या खोलीत दुसऱ्या दोघींपैकी एक आली होती आणि तिसऱ्याच दिवशी घड्याळ बघत होती. बाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. रस्त्याला ऊन होतं. त्यांचे गुडघे दुखत होते, आणि घरी जाऊन सहा जणांना पाणी, बिस्किटं, त्यांचे प्रश्न, यजमानांचं अवघडणं, हे सगळं पुढे होतंच. रोज होतं. वर्षभर होतं.

पुढची मुलं वळणावर थांबली होती. बाईंनी चालता चालताच सांगितलं, "थोरले, तुझं नाव यादीत नाही, कारण मी ते लिहायला विसरले. तुझं काही चुकलेलं नाही. मी आईलाही तसं सांगितलंय सकाळी."

धाकट्याने रस्त्यातला एक खडा लाथेने उडवला आणि थोरलीने त्याचा हात ओढून त्याला कडेला घेतलं.

"तुम्हाला कधी कळलं, विसरलात ते?" तिने विचारलं.

"शनिवारी. संध्याकाळी."

तिने मनात दिवस मोजले. रडली नाही, रागावलीही नाही, खुर्च्या किती रचायच्या ते सांगायची तशाच आवाजात म्हणाली, "मग मी सोमवारी विचारलं तेव्हा सांगायचं होतं ना, बाई. मी आईला तेच सांगितलं असतं."